आर्द्रतामापकाची पारख

धान्याच्या गोदामात, कांदाचाळीत किंवा बियाण्याच्या कोठीत टांगलेले लहानसे आर्द्रतामापक यंत्र आता खेड्यापाड्यांतही दिसू लागले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय. दाणा दाताखाली फोडून त्याचा ओलावा अजमावण्याची जुनी रीत अनुभवी माणसाच्या हाती उपयोगी पडते. परंतु कोठीतील हवा किती दमट झाली आहे, हे दातांना कळत नाही. मात्र यंत्र टांगले म्हणजे काम संपले, ही समजूत घातक आहे. न तपासलेले यंत्र खोटा धीर देते. कांद्याच्या साठवणीस ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य समजली जाते. यंत्र ८ टक्के कमी दाखवीत असेल, तर ७० हा आकडा पाहून शेतकरी निश्चिंत राहतो आणि प्रत्यक्षात ७८ टक्के दमट हवेत माल सडू लागतो.

ह्यांतील पुष्कळशा यंत्रांची रचना साधी असते. दोन विद्युत्-पट्ट्यांमध्ये पॉलिमरचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाचा, अतिशय पातळ पापुद्रा असतो. वरच्या सच्छिद्र पट्टीतून हवेतील बाष्प त्यात शिरते. विद्युत्भार साठविण्यास साहाय्य करण्याचा पाण्याचा गुणांक सुमारे ८० असून अशा पॉलिमरचा केवळ ३ ते ४ असतो. म्हणून थोडेसे बाष्प शोषले गेले तरी भार साठविण्याची क्षमता वाढते व त्यावरून आर्द्रतेचा आकडा मिळतो. फिनलंडमधील वैसाला कंपनीने १९७३ साली असे साधन प्रचारात आणले.

परंतु जो पापुद्रा बाष्प शोषतो, तो इतर वाफाही शोषतो. ह्याच गुणावर रासायनिक वाफा ओळखणारी साधने बेतलेली आहेत. आर्द्रतामापकात मात्र हा गुण दोष ठरतो. रंग, थिनर व फवारणीच्या औषधांतील द्रावके ह्यांच्या वाफांनी, तसेच कोंबड्यांच्या घरातील अमोनियाने आकडा बिघडतो. म्हणून औषधांच्या डब्यांशेजारी हे यंत्र ठेवू नये. कोठीस फॉस्फीनची धुरी द्यावयाची असल्यास ते आधी बाहेर काढावे. तो वायू यंत्रातील तांब्याचे भाग खातो.

यंत्राची पारख घरच्या मिठाने होते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. शुद्ध मिठाच्या ओल्या लगद्यावरील बंदिस्त हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. बाटलीच्या झाकणात दळलेले शुद्ध मीठ घेऊन ते विरघळणार नाही इतपतच भिजवावे. खडे मीठ घेऊ नये. त्यातील इतर क्षारांमुळे फरक पडतो. झाकण व यंत्र एका घट्ट बरणीत, परस्परांना न लागता, रात्रभर सावलीत ठेवावे. सकाळी आकडा ६८ दिसला, तर यंत्र ७ टक्के कमी दाखवते असे समजून तेवढी दुरुस्ती चिठ्ठीवर लिहून ती यंत्रास चिकटवावी. फरक फार मोठा असल्यास यंत्र बदलावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने किती यंत्रे वाटली, ह्यापेक्षा किती यंत्रे मिठावर तपासली, ह्याचा हिशेब ठेवणे अधिक हितावह आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा अशी तपासणी गावात सर्वांसमक्ष व्हावी. तराजूचा काटा पाहिल्यावाचून शेतकरी माल मोजून देत नाही. वर्षाची कमाई ज्याच्या भरवशावर कोठीत ठेवावयाची, त्या यंत्रालाही तीच कसोटी लावणे इष्ट होय.