‘आपोआप’ या शब्दाची किंमत

१/८
कारखान्यातील लिनक्स संगणकाला पेनड्राइव्ह जोडला की तो आपोआप ‘माउंट’ झालाच पाहिजे, त्यासाठी आज्ञा द्यावी लागणे हा युनिक्सचा जुनाट हट्ट आहे, असे सर्रास म्हटले जाते. इतिहास तपासला की हा आरोप टिकत नाही. #थ्रेड

२/८
‘माउंट’ ही आज्ञा युनिक्सच्या पहिल्याच मार्गदर्शिकेत (नोव्हेंबर १९७१) आहे, आणि ती काढता-घालता येणाऱ्या डिस्कसाठीच होती. १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात रिची आणि थॉम्पसन यांनी तिचा अर्थ सांगितला: फाइलींच्या वृक्षाच्या एका पानाच्या जागी संपूर्ण नवी शाखा बसवणे. थोडक्यात, कलम करणे. कलम कोणते आणि कोठे करायचे, हे माळी ठरवतो, फांदी नव्हे.

३/८
१९९५ साली विंडोजने ‘ऑटोरन’ आणले. सीडी घालताच तिच्यावरील प्रोग्राम सुरू! या सोयीचे कौतुक झाले. पुढे कॉन्फिकर या वर्मने पेनड्राइव्हमार्फत पसरण्यासाठी हीच सोय वापरली. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही यूएसबीपुरती ती बंद करणारा अपडेट सर्वांकडे पाठवला.

४/८
२०१० साली स्टक्सनेट उघडकीस आला. इराणमधील नतांझच्या सेंट्रिफ्यूजवर रोखलेल्या या वर्मला ऑटोरनचीही गरज नव्हती. पेनड्राइव्हवरील शॉर्टकटचे चित्र पडद्यावर दिसणे पुरेसे होते. धोका केवळ प्रोग्राम चालवण्यात नसतो. न विचारता आत डोकावण्यातही असतो.

५/८
“लिनक्सला हे लागू नाही” हा अभिमानही पोकळ आहे. २०११ साली जॉन लॅरिमर यांनी दाखवून दिले की डेस्कटॉप लिनक्सवर ड्राइव्ह आपोआप माउंट होऊन फाइलींची लघुचित्रे तयार होतात, आणि त्या वाटेने कुलूपबंद पडदाही ओलांडता येतो.

६/८
विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. औद्योगिक संगणकाला अनेकदा ना पडदा असतो, ना कीबोर्ड. यंत्रावरील कामगाराने आज्ञा टाइप करायची कोठे? म्हणून स्वयंचलित माउंट हवेच. पण त्याचा निर्णय आधीच, माणसाने, लिहून ठेवलेला हवा.

७/८
तो असा: ‘एसडीबी१’सारख्या बदलत्या नावावर नव्हे, तर यूयूआयडीवर नियम बांधावा. यूयूआयडीची नक्कल होऊ शकते, म्हणून ‘नोएक्झेक’, ‘नोसूइड’, ‘नोडेव्ह’ आणि शक्य तेथे केवळ वाचनाची परवानगी ठेवावी. युडेव्हच्या नियमातून थेट माउंट करण्याची पळवाट तर सिस्टिमडीच्या रचनाकारांनीच बंद केली आहे. ते काम माउंट युनिटकडे सोपवावे.

८/८
१९७१ ची ती आज्ञा गैरसोय नव्हती. ती संमती होती. संमती आगाऊ देता येते, गृहीत धरता येत नाही. हा भेद पुसून टाकण्याला प्रगती म्हणणाऱ्यांनी नतांझचे स्मरण ठेवावे.