ऐकणारा डबा आणि मुकी कॅसेट

'सुधारणा' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. पूर्वी समाजाची सुधारणा होत असे; आता ती वस्तूंची होते आणि तीही बहुधा दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात. माळा रिकामा होतो. जुना ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक, दोन भारदस्त लाकडी स्पीकर आणि बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी सोप्यावर येऊन पडतात. भंगारवाल्याची हातगाडी दारात असतेच. सणाला पुण्याहून किंवा बंगळूरहून आलेले चिरंजीव पिशवीतून तीन-चार गोंडस डबे काढतात आणि जाहीर करतात, "आई, आता प्रत्येक खोलीत गाणं!"

प्रत्येक खोलीत गाणे असावे, या इच्छेशी माझे भांडण नाही. ती इच्छा जुनीच आहे. रेडिओ सोप्यावर असे आणि त्याचा आवाज स्वयंपाकघरातून पार परड्यातल्या विहिरीपर्यंत पोचावा म्हणून तो मोठा केला जाई. आता तेच काम सभ्यपणे, शेजाऱ्याचे कान न किटवता होत असेल तर उत्तमच. माझे भांडण आहे ते या सुधारणेच्या नावाखाली घरातून काय बाहेर जाते याच्याशी. ज्या यंत्रणेत घरचा स्वतःचा आवाज वाजवता येत नाही, तिला मी सुधारणा म्हणणार नाही. मग ती चार खोल्यांत वाजो की चाळीस.

माझी कसोटी अगदी साधी आहे. नवीन डबा उलटा करून पाहा. बाहेरच्या यंत्राची तार लावायला त्याला खोबण आहे का? दुकानदार जिला 'ऑक्स' म्हणतो ती. ॲपलच्या 'होमपॉड'ला ती नाही. गूगलच्या 'नेस्ट ऑडिओ'ला नाही. इतरही अनेक डब्यांना नाही, किंवा ती हवी असेल तर वेगळा जोड विकत घ्यावा लागतो. गंमत पाहा. या डब्यात मायक्रोफोन बसवलेला असतो. कोणी आपले नाव घेते का, याकडे त्याचा कान सदैव लागलेला असतो. म्हणजे हा डबा आपले बोलणे ऐकायला तयार आहे. पण तुमच्या आजीची कॅसेट ऐकायला मात्र त्याला कान ठेवलेला नाही. हा विसर नव्हे. तुमच्याकडे जे आहे ते वाजवून कंपनीला पुन्हापुन्हा पैसे मिळत नाहीत. तिच्याकडे जे आहे ते ऐकायला तुम्ही दरमहा वर्गणी भरता. एवढा हिशेब आपल्या भागातल्या कोणत्याही किराणा दुकानदाराला कळेल.

यावर उत्तर तयार असते : "फोनवर सगळं आहे की!" सगळे म्हणजे काय, ते तपासू. पंडित भीमसेन जोशी आहेत, हे खरे. गदग भागातल्या रोण येथे 1922 साली जन्मलेल्या या गायकाने मराठीत 'संतवाणी' गाजवली आणि कन्नडमध्ये दासांची पदेही तेवढ्याच प्रेमाने गायिली. कुमार गंधर्व आहेत. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली, कन्नड बोलणाऱ्या घरात जन्मलेले शिवपुत्र कोमकळी पुढे देवासला स्थायिक झाले आणि माळव्यातली लोकगीते व कबीर गाऊ लागले. मल्लिकार्जुन मन्सूर आहेत, गंगूबाई हनगल आहेत. आपल्या दुभाषी मुलखाने देशाला जे दिले, त्यातले छापील, विकाऊ ते बरेचसे त्या यादीत सापडेल. ते ऐकायलाच हवे.

पण बुटांच्या खोक्यात काय आहे? तिथे आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, त्यांत मध्येच एखादा कन्नड शब्द बेमालूम मिसळलेला आहे. बारशाला म्हटलेला पाळणा आहे. गल्लीतल्या गणपतीपुढे झालेले कीर्तन आहे. गावच्या हौशी मंडळींनी केलेल्या संगीत नाटकाचा प्रयोग आहे. त्यात पेटी थोडी चढलेली आहे आणि मागे कुणाचे तरी मूल रडते आहे. शेजारच्या कन्नड घरातल्या आजींनी आपल्या आईबरोबर मंगळागौरीला म्हटलेले पद आहे. यांतले एकही गाणे कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही आणि कधी येणारही नाही, कारण ते कुणी कधी विकलेच नव्हते.

इथे सीमाभागाचा, आणि तेवढाच इंदूर, बडोदे, हैदराबाद इथल्या मराठी घरांचा प्रश्न वेगळा होतो. पुण्यातल्या घरातली एक कॅसेट गेली तर तशाच बोलीची दुसरी चार घरांत मिळेल. आपली मराठी मात्र पुस्तकात फारशी उतरलेली नाही. बेळगाव-खानापूरकडचा हेल, निपाणीकडचा तोल, कारवारकडची कोंकणीच्या शेजाराने वळलेली जीभ, हैदराबादच्या घरांतली दखनी मिसळलेली बोली हे सारे कानांत राहिले, कागदावर नाही. एका राज्याच्या संस्थेला वाटावे हे पलीकडचे, दुसऱ्या राज्याच्या संस्थेला वाटावे हे परभाषेचे. मग ही कॅसेट ठेवायची कोणी? उत्तर एकच : ज्याच्या माळ्यावर ती आहे त्याने.

आवाज जपल्याने काय होते याचा पुरावा समोर आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. आज 'परी' या संस्थेमुळे त्या जगभर ऐकता येतात. त्या बायकांची नावे, गावे, आवाज टिकले ते कुणीतरी टेप लावली आणि नंतर ती फेकली नाही म्हणून. आपल्या घरी निम्मे काम आधीच झालेले आहे. टेप लावून झाली आहे. फेकायची नाही एवढेच उरले आहे.

आता दुसरा मुद्दा : आपण जो डबा विकत घेतो, तो खरोखर आपला असतो का? खोल्याखोल्यांत गाणे पोचवण्याच्या धंद्यात अमेरिकेतली सोनोस ही कंपनी अग्रेसर. 2020 च्या जानेवारीत तिने जाहीर केले की तिच्या सर्वांत जुन्या यंत्रांना मे महिन्यापासून नवी सुधारित प्रणाली मिळणार नाही. त्याआधी तिने योजना काढली होती : जुने यंत्र कायमचे निकामी करा आणि नव्यावर 30 टक्के सूट घ्या. धडधाकट वाजणारे यंत्र आपल्याच हाताने मारायचे, याला त्या योजनेत 'पुनर्वापर' म्हणत! ओरड झाली, तेव्हा यंत्र निकामी करण्याची अट मागे घेतली गेली. 2024 च्या मे महिन्यात त्याच कंपनीने फोनवरचे ॲप बदलले, तेव्हा गजर आणि घरच्या संगणकावरच्या संगीतसंग्रहात शोध घेण्यासारख्या नेहमीच्या सोयी एका रात्रीत नाहीशा झाल्या. प्रकरण इतके चिघळले की 2025 च्या जानेवारीत कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावे लागले. 2022 साली दोन कंपन्यांच्या पेटंटच्या भांडणात गूगलने आधीच विकलेल्या स्पीकरांमधून अनेक खोल्यांचा आवाज एकदम कमी-जास्त करण्याची सोय काढून घेतली. भांडण त्यांचे, आणि बटण गेले आपल्या घरातले. लाकडी ॲम्प्लिफायरची आवाजाची खुंटी कधी कुणी अमेरिकेत बसून काढून नेली होती काय?

नवे सगळेच वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. 'स्क्वीझबॉक्स' नावाचे असेच खोल्याखोल्यांत गाणे पोचवणारे यंत्र होते. लॉजिटेक कंपनीने 2012 साली ते बंद केले. पण घरच्या संगणकावरचे गाणे त्याला पुरवणारी प्रणाली खुली होती, कोणीही उघडून दुरुस्त करावी अशी. म्हणून हौशी लोकांनी ती चालू ठेवली आणि आज 'लिरियन' या नावाने ती जिवंत आहे. घरातला संग्रह आणि उघडता येणारे कुलूप, या दोन गोष्टी असल्या की कंपनी गेली तरी गाणे राहते.

मग करावे काय? जुना ॲम्प्लिफायर चालत असेल तर तो ठेवा. त्याच्या पाठीमागे तीन-चार खोबणी असतात. एकीला कॅसेट डेक लावा, दुसरीला फोनवरची गाणी घेणारे छोटे यंत्र लावा. नव्या यादीतले भीमसेनजी आणि जुन्या कॅसेटमधली आजी एकाच वाटेने सगळ्या खोल्यांत जातील. कुणाला बाहेर ठेवायची गरज नाही.

खोल्यांपर्यंत तार न्या. इथे मात्र एक धोका आहे. 8 ओहमचे चार स्पीकर एकाच वाहिनीला समांतर जोडले तर ॲम्प्लिफायरला 2 ओहमचा भार पडतो. घरगुती ॲम्प्लिफायर बहुधा 4 ते 8 ओहमसाठी केलेला असतो, तो तापून जळतो. त्यासाठी भार सांभाळणारी निवडपेटी मिळते, ती मध्ये घाला. घर फार मोठे असेल तर मंडपवाले आणि देवस्थाने वापरतात ती 100 व्होल्टची पद्धत आहे. तिला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर बसतो आणि सगळ्यांच्या वॅटची बेरीज ॲम्प्लिफायरच्या ताकदीत बसवली की झाले. स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्जाचा आवाज थोडा उतरतो, हे मान्य. तबल्याचा बायाँ ज्याला नीट हवा त्याने सोप्यावरचे दोन स्पीकर थेट जोडावेत.

तारेत कंजुषी नको. 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची तार 20 मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध साधारण 0.3 ओहम होतो. 8 ओहमपुढे तो किरकोळ. पण 0.5 ची बारीक तार त्याच अंतराला सुमारे दीड ओहम खाते. ही तार विजेच्या तारेच्या नळीत घालू नका, वेगळी नळी घ्या.

"तारा कशाला? बिनतारी आहे ना!" असे वायरमनही म्हणेल. साध्या ब्लूटूथने आवाज सुमारे एक दशांश ते एक पंचमांश सेकंद मागे पडतो. हवेत आवाज एका दशांश सेकंदात 34 मीटर जातो; म्हणजे शेजारच्या खोलीतला गायक 34 मीटरवर उभा राहून गातो आहे असा भास होईल आणि प्रत्येक सम दोनदा ऐकू येईल. महागडे डबे आपापसात घड्याळ जुळवून हा दोष काढतात, हे मी नाकारत नाही. पण आपल्या जांभ्या दगडाच्या नि मातीच्या जाड भिंतींत वायफाय अडते, आणि वीज गेली की राउटर झोपतो. तारेला पासवर्ड लागत नाही.

आणि शेवटचे काम, जे सर्वांत आधी करायला हवे. कॅसेट आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या, डेकचे हेड स्पिरिटने पुसा, आणि तारेने संगणकाला जोडून ध्वनिमुद्रण करा. त्यासाठी 'ऑडॅसिटी' ही प्रणाली फुकट मिळते. दाबून लहान न केलेल्या स्वरूपात एक तास साधारण 635 मेगाबाइट जागा घेतो. 60 मिनिटांच्या शंभर कॅसेटी 64 जीबीत बसतात. अख्ख्या घराण्याचा आवाज, आणि जागा बोटाएवढी! प्रती मात्र दोन करा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा.

एवढा खटाटोप करायला वेळ कुणाला आहे, असे विचारले जाईल. डबे निवडायला, त्यांची ॲप उतरवायला, विसरलेला पासवर्ड पुन्हा मिळवायला जो वेळ आहे, तोच. हे म्हाताऱ्यांचे हळवेपण आहे, असेही म्हटले जाईल. तसे असते तर मी हा लेख लिहिला नसता. आपल्या नातवंडांच्या शाळेची भाषा तिसरीच आहे. घराची मराठी आणि गल्लीची कन्नड त्यांच्या कानावर पडते ती तुकड्यातुकड्यांनी. चार खोल्यांतून चालता-बोलता त्या दोन्ही भाषा त्यांच्या कानावर पडायच्या असतील तर त्या वाजवणारी खोबण घरात हवी. भाषेसाठी आपण सभा घेतो, ठराव करतो, मोर्चेही काढतो. एक कॅसेट लावायला त्यातले काहीच लागत नाही.

आणि ध्वनिमुद्रण करताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. हा आवाज कुणाचा, हे गाव कोणते, पेटीवर कोण, मागे हसली ती कोण, हे विचारून कागदावर लिहून घ्या. फीत अजून काही वर्षे तग धरील. तो आवाज ओळखणारे कान मात्र दर दिवाळीला कमी होत आहेत.