बरे झालेल्यांच्या गोष्टी

आजारांतून उठलेल्या माणसास आपली हकीकत चार जणांस सांगितल्याखेरीज चैन पडत नाहीं. पेणेस काय, रोह्यास काय, ओटीवर दोन समवयस्क भेटले कीं आधीं प्रकृति, मग पथ्य, मग डॉक्टर! घरांतील तरुण मंडळी यास कंटाळते. आम्हांस या गोष्टी मोलाच्या वाटतात. मात्र त्यांत एक फसगत आहे, ती विंचवाच्या उदाहरणानें चांगली उमजते.

आपला कुलाबा जिल्हा (१९८१ पासून रायगड) लाल विंचवाचा प्रदेश. पेंढा, सरपण, दगडी गडगा, हीं त्याचीं घरें. विंचू उतरविणारे मांत्रिकहि पूर्वीं गांवोगांव असत. दंश झालेल्यांपैकीं पुष्कळांस विष फारसें बाधत नाहीं. कळा दिवसभरांत आपोआप ओसरतात. हे सारे लोक मांत्रिकाचा महिमा गात. विष बाधून जे दगावले, ते गाण्यास उरतच नसत. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, यास शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणतात. येथें तर ज्यांच्यावर फळ पडलें, त्यांची साक्षच कोणी काढली नाहीं!

ती साक्ष काढली डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं. १९७६ सालीं ते महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत आले. दंश झालेला रोगी आला कीं त्याच्या उशाशीं बसून घाम, ओकारी, थंडगार हातपाय, छातीची धडधड, शेवटीं लागणारी धाप, सारें ते टिपून ठेवीत. त्यावरून उलगडलें तें असें : विषामुळें शरीरांतील उत्तेजक द्रव्यें एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. रक्तदाबावरील प्राझोसिन नांवाची साधी गोळी त्या वाहिन्या सैल करते. १९८६ मध्यें लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रांत याविषयीं त्यांचा लेख आला. गंभीर विषबाधेंत पूर्वीं शेंकडा ३० ते ४० रोगी दगावत. या उपचारानें तें प्रमाण शेंकडा १ च्या घरांत आलें. या कामीं त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचीहि साथ होती. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आमच्या मतें ती फार उशिरा मिळाली.

म्हणून बरे झालेल्यांस आमची विनंति आहे कीं, हकीकत सांगतांना ‘देवाची कृपा’ एवढ्यावर थांबूं नये. दंश किती वाजतां झाला, दवाखान्यांत केव्हां पोंचलां, वाटेंत कोणाकडे वेळ दवडला, औषध कोणतें दिलें, हेंहि सांगावें. ऐकणाऱ्यांत उद्यांचा रोगी बसलेला असतो. कृपा मानूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. देवपूजा आमच्याहि घरीं आहे.

रोह्याकडील एक बाई आपल्या मुलाची गोष्ट अशीच सांगतात. भात झोडतांना त्यास विंचू चावला. शेजारी मांत्रिकाकडे नेऊं म्हणाले. बाईंनीं रिक्षा बोलाविली. गोळी दिल्यावर परिचारिका दर थोड्या वेळानें येऊन मुलाचे तळपाय आपल्या हातांत धरून बघे. कां, तें बाईंस कळेना. शेवटीं तिनें बाईंचाच हात ओढून त्या पावलांवर ठेवला, आणि म्हणाली, “बघा, ऊब आली.” डॉक्टरांचें नांव बाईंस आठवत नाहीं. तेव्हां पहांटेचे पावणेचार झाले होते, हें मात्र त्या प्रत्येक वेळीं सांगतात.