शेतावरील लहान वेल्डिंग यंत्र व त्याची मर्यादा

शेतीची अवजारे लाकडाची होती तोपर्यंत मोडतोडीचा प्रश्न गावातच सुटत असे. सुतार व लोहार हाकेच्या अंतरावर असत, आणि कुळवाची पास वाकली किंवा फाळ झिजला तर ते काम सुगीच्या बलुत्यावर होऊन जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, पुढे ट्रॅक्टर आला, आणि आज शेतकऱ्याचे बहुतेक अवजार पोलादाचे झाले आहे. ते मोडले म्हणजे तालुक्याच्या गावी न्यावे लागते. तेथे दोन दिवस जातात, आणि मृगाचा वाफसा तर कोणासाठी थांबत नाही. अशा स्थितीत इन्व्हर्टर जातीचे लहान वेल्डिंग यंत्र आठ-दहा हजार रुपयांत मिळू लागले असून ते पुष्कळ सभासदांच्या गोठ्याशेजारी दिसू लागले आहे. ते घ्यावे की न घ्यावे, असे विचारले जाते. घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र त्याने कोणते काम करावे व कोणते करू नये, याचा निवाडा पैसे मोजण्यापूर्वीच झाला पाहिजे.

जुन्या यंत्रात सेकंदाला ५० आवर्तनांची वीज जशीच्या तशी ट्रान्सफॉर्मरमध्ये जात असे. त्यासाठी लोखंड व तांबे फार लागे, आणि यंत्र हलवावयास दोन गडी लागत. नव्या यंत्रात वीज प्रथम एकदिश करून मग सेकंदाला हजारो वेळा तोडली जाते. आवर्तने जितकी अधिक तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. म्हणून हे यंत्र पाच-सहा किलो वजनाचे असून खांद्यास अडकवून बांधावर नेता येते. शिवाय बाहेर पडणारा प्रवाह एकदिश असल्यामुळे नवशिक्याच्या हातीही ज्योत स्थिर राहते.

आता विजेसंबंधी. अडीच मिलिमीटरच्या रॉडला सुमारे ८० अँपिअर प्रवाह लागतो व ज्योतीवर सुमारे २३ व्होल्ट दाब असतो. म्हणजे प्रत्यक्ष कामी येणारी शक्ती दोन किलोवॉटहूनही कमी. परंतु यंत्रातील नुकसान व कमी पॉवर फॅक्टर हिशेबात धरता ते २३० व्होल्टच्या तारेतून सुमारे १४ अँपिअर ओढते. खेड्यात संध्याकाळी दाब १८० वर उतरला की तेच यंत्र त्याच कामासाठी १८ अँपिअर मागते, आणि घरातील १६ अँपिअरचा प्लग तापून वितळू लागतो. दोष यंत्राला दिला जातो. असतो तो बारीक वायरीचा. यावर काही जण मोटारीच्या पेटीतून वीज घेतात. तेथे दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात व २३० व्होल्टचे यंत्र क्षणात जळते. त्याहून वाईट चाल म्हणजे पेटीत न्यूट्रल नसल्याने एक फेज घेऊन दुसरे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडणे. त्या सळईजवळ ओल्या पायाने येणाऱ्या माणसाचा अथवा बैलाचा जीव त्यात जाऊ शकतो. ज्यास स्वतंत्र जाड वायर, योग्य एमसीबी व खरे अर्थिंग करून घेणे परवडत नाही, त्यास हे यंत्रही परवडत नाही असे समजावे.

कामाच्या निवडीसाठी आम्ही एकच कसोटी सुचवितो. सांधा तुटला तर काय होईल? नुसते काम थांबणार असेल तर तो सांधा घरी करावा. मनुष्य पडणार किंवा चिरडला जाणार असेल तर करू नये. गोठ्याचे फाटक, गव्हाण, कुळवाची चौकट, फवारणीच्या टाकीचा स्टँड, विहिरीचे झाकण (त्यावर कोणी उभे राहणार नसेल तर) ही सारी साध्या पोलादाची, तीन ते सहा मिलिमीटर जाडीची कामे ६०१३ जातीच्या रॉडने घरी उत्तम होतात. याउलट ट्रॉलीची दांडी व हुक, ट्रॅक्टरचे मागील लिंक आणि विहीर खोदताना माणसे खाली सोडणारी यारी यांस घरच्या रॉडचा स्पर्शही होऊ देऊ नये. गाळपाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर एकामागे दोन ट्रॉल्या ऊस भरून चालतात. दांडीवरील सांधा वरून गुळगुळीत दिसतो. आत रॉडची खपली अडकली आहे की पोलाद एकजीव झाले आहे, हे डोळ्यांना कळत नाही. चढावर तो तुटला तर मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराने कोणाला जाब विचारावा? ‘आजवर तुटला नाही’ हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. त्याने काहीच सिद्ध होत नाही.

कल्टिव्हेटरच्या स्प्रिंगा व रोटाव्हेटरची पाती यांचीही आशा सोडावी. ते कठीण केलेले पोलाद असते; सांध्याशेजारीच ते ठिसूळ होऊन तडकते. पाते नवे आणणे स्वस्त पडते. ट्रॅक्टरवर काही जोडावयाचेच असेल तर आधी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात आणि अर्थचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे प्रवाह बेअरिंगांमधून जाणार नाही.

यामुळे लोहाराच्या पोटावर पाय येतो, असा एक आक्षेप आहे. आम्हांस तसे वाटत नाही. फाटकाची बिजागरी घरी झाली तर दांडीचे काम घेऊन त्याच्याकडे जाण्यास संकोच नसावा, आणि त्या कामाचा दाम त्यास पुरता द्यावा. दिवसभर रॉड धरणाऱ्याचा हात आणि महिन्यातून एकदा धरणाऱ्याचा हात यांत फरक राहणारच.

डिझेलचा अथवा औषधाचा रिकामा पिंप कापून कुंडी करण्याचा मोह फार जणांना होतो. रिकामा पिंप रिकामा नसतो. त्यातील वाफ ठिणगीने स्फोट पावते. टायर चढविलेल्या रिंगेवर, हवा सोडलेली असली तरी, वेल्डिंग करू नये. जस्ताचा मुलामा घासून काढल्याशिवाय पाइप जोडल्यास रात्री थंडीताप भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर मनुष्यास कर्करोगकारक ठरविला आहे; म्हणून काम उघड्यावर, वारा बाजूने घेऊन करावे, पण कडब्याच्या गंजीपासून दूर. डोळ्यांसाठी १० वा ११ क्रमांकाचीच काच हवी. उन्हाचा चष्मा पुरत नाही, आणि त्याची आग दिवसा नव्हे, मध्यरात्री कळते.

संघाच्या भांडाराने यंत्रे विक्रीस ठेवावीत अशी मागणी आली आहे. तिला आमचा पाठिंबा आहे, परंतु प्रत्येक यंत्राबरोबर काचेचा मुखवटा व चामडी हातमोजे घेतल्याशिवाय पावती करू नये. शिवाय चैत्र-वैशाखात जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकास बोलावून दोन दिवसांचा वर्ग भरवावा. वर्गात प्रत्येकाने आपण केलेला सांधा स्वतः शेगड्यात धरून हातोड्याने मोडून पाहावा. रॉडचे पुडे मात्र भांडाराने पत्र्याच्या बंद डब्यात ठेवावेत. मागील पावसाळ्यात ते खतांच्या पोत्यांवर पडून ओलावले होते.