मी न्यूट्रल आहे, म्हणजे नक्की कोण?

"मी बाबा न्यूट्रल आहे." हापिसात, लग्नात, एसटीत, सगळीकडे हे वाक्य ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याला त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. म्हणून ह्या विकांताला विचारूनच टाकतो.

ह्या एका इंग्रजी शब्दाला मराठीत निदान चार शब्द आहेत, आणि चारही वेगळे. तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा. पाण्यात कोण बुडतंय ते त्याला दिसतं, पण तो पाय ओले करत नाही. त्रयस्थ म्हणजे दोघांपैकी कुणाचाच नसलेला तिसरा. अलिप्त म्हणजे अंगाला काही लागू न देणारा. आणि निःपक्षपाती म्हणजे समोर कोण आहे ते बघून माप न बदलणारा. पहिले तीन शब्द माणूस कुठे उभा आहे ते सांगतात, चौथा तो काम कसं करतो ते सांगतो. आपण चारही एकाच पोत्यात भरतो आणि काठावरच्या माणसाला न्यायाधीशाचा मान देतो!

क्रिकेटचंच बघा. नोव्हेंबर 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत आपले पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी पंच होते. दोन्ही संघांच्या देशांबाहेरचे, म्हणजे त्रयस्थ. पण अपील झाल्यावर "दोघांचंही म्हणणं बरोबर आहे" म्हणून ते गप्प बसले असते तर चाललं असतं का? आऊट की नॉट आऊट, सांगावंच लागतं. एक बाजू नाराज होणारच.

न्यूट्रल शब्दाचा खरा अर्थ आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही वायरमनला विचारा. थ्री फेजमध्ये तिन्हींवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच वाहत नाही. लोड कमीजास्त झाला की तो फरक न्यूट्रलच वाहून नेतो. तोच तुटला तर कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज चढतं आणि उपकरणं जळतात. म्हणजे न्यूट्रलसुद्धा नुसता लटकत नाही, काम करतो!

आता मुद्द्याचं. 18 मे 2025 ला पहाटे ह्याच एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. 8 जण गेले. त्यात मालक आणि त्यांच्या घरचे होते, तसेच कामगार कुटुंबातलेही होते. आगीने कुणाचा पक्ष बघितला नाही. तरी कारखान्यातल्या सुरक्षेचा विषय काढला की लोक म्हणतात, "आपण न्यूट्रल, दोन्ही बाजू असतात." कसल्या दोन बाजू? मजुरीच्या दरात मालक आणि कामगार असे दोन पक्ष असतात, तिथे त्रयस्थ माणूस हवाच. पण बाहेर पडायच्या दुसऱ्या दाराला विरोधी पक्ष कोणता? आग विझवायच्या पाण्याला कोणता?

अशा वेळी चौकशी निःपक्षपाती हवी, म्हणजे तिने चूक कुठे झाली ते स्पष्ट सांगावं. ती कारखान्याची निघो नाहीतर सरकारी खात्याची. कुणालाच न दुखावणारी चौकशी तटस्थ असेल, निःपक्षपाती नाही.

असो. काठावर उभं राहायला कुणाची बंदी नाही. दमलेला माणूस उभा राहतोच. फक्त तिथून "मी निःपक्षपाती" अशी हाळी देऊ नका.