रांग सगळ्यांना सारखी? मग पलीकडची कोणाची?

पालकहो, गेल्या रविवारी एका मोठ्या पार्कात काय झालं ते आपल्यात बहुतेकांच्या कानावर आलंच आहे. तरी एकदा नीट सांगतो. पाळण्याच्या रांगेच्या तोंडाशी पाटी होती, 'येथून 45 मिनिटे'. आपल्यातल्या एका दहा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाने ती वाचली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तो उभा राहिला. वर तापलेला पत्रा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, डोक्यावर कर्णा. कानांवर हात, पण उभा. 46व्या मिनिटाला पुढे अजून तीसेक माणसं होती. "पंचेचाळीस झाले," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. मग ओरडून. मग खाली लोळण. आईने विनवलं, तर कर्मचारी म्हणाला, "मॅडम, रांग सगळ्यांना सारखीच."

आणि असं म्हणत त्याने शेजारची साखळी काढून फास्ट ट्रॅकवाले आठ जण आत सोडले.

म्हणजे रांग मोडते. जादा पैसे टाकले की हसतमुखाने मोडते. समता फक्त आमच्या पोरांसाठी राखून ठेवली आहे!

आम्हाला पहिला नंबर नकोच. तुम्ही डॉक्टरकडे नंबर लावून खाली चहा प्यायला जाता ना? तेवढंच. नाव लिहा, वेळ द्या, पोरगं झाडाखाली बसेल आणि सांगितलेल्या वेळेला येईल. थांबणं तितकंच, फक्त कठड्याबाहेर. आणि दिलेली वेळ पाळा, कारण आमची पोरं ती पाळतात. याला खर्च किती? एक वही, एक पेन.

"मग उद्या सगळेच ऑटिझम सांगतील." सांगू देत की! आधी सरकारी रुग्णालयात खेटे घाला, ऑटिझम मोजणारी 40 मुद्द्यांची आयएसएए चाचणी द्या, मग अपंगत्वाच्या युडीआयडी कार्डाची वाट बघा. पाळण्यात दोन मिनिटं लवकर बसायला कोणी एवढं करणार असेल, तर त्याला आमच्याही पुढे सोडा.

"पण दिसायला तर चांगला आहे." हो, दिसायला चांगलाच आहे. पुढे?

"पोराला सवय लावा." सवय लावूनच आणला होता. 45 मिनिटांची. सवय पाटीला नव्हती.

व्हीलचेअरसाठी उतार केला की अपंगत्वाचं खातं बंद, अशी पार्कवाल्यांची समजूत. अपंगांसाठीच्या 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, ऑटिझम नव्हता. 2016च्या कायद्यात 21 आहेत, त्यात तो आहे. आणि वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं तो कायदा म्हणतो. पहिल्या उल्लंघनाला दंड 10 हजार रुपयांपर्यंत. (गल्ला बघता हे म्हणजे पार्किंगची पावती!) पुढच्या प्रत्येक खेपेला मात्र 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत.

दिवाळीच्या सुट्टीत जाल तेव्हा युडीआयडी कार्ड सोबत ठेवा. तिकीट खिडकीवर परत येण्याची वेळ लेखी मागा. नाही म्हणाले, तर ते 'नाही'सुद्धा तारखेसह लेखी मागा आणि त्याची एक प्रत आम्हाला द्या. आम्ही त्या कागदांचा गठ्ठा करून पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे नेणार आहोत. तिथे रांग असली तर उभे राहू.

— ऑटिस्टिक मुलांचे काही पालक