होडीला भोक पाडण्याची घाई नको

यंत्र विकत घेणे सोपे असते, ते नीट बसवणे हा खरा हुनर असतो. मासे शोधणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे फिश फाइंडरच्या बाबतीत हे पुरेपूर लागू पडते. कोकण किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौकांना हे यंत्र नवे नाही. आता त्याचे लहान नमुनेही मिळतात आणि ते धरणातल्या छोट्या होडीवर बसू शकतात. शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड धरण आहे. दौंडच्या खालच्या अंगाला भीमेवर उजनीचा फुगवटा पसरलेला आहे. दोन्ही पाण्यांवर अनेक घरे होडी आणि जाळ्यावर चालतात. तेव्हा या भागातील फायबर कारागीर, वेल्डर व वायरमन बांधवांनी हे काम समजून घ्यावे.

या यंत्राचा जन्मच मुळी कारागिराच्या हातून झाला आहे. जपानमधील नागासाकी भागात मासेमारी नौकांवरील विजेची कामे करणाऱ्या फुरुनो बंधूंनी 1948 साली ते बाजारात आणले. तत्त्व साधे आहे. ट्रान्सड्यूसर नावाची छोटी डबी पाण्यात आवाजाच्या लहरी सोडते आणि तळावरून किंवा माशांवरून परत आलेला प्रतिध्वनी टिपते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर, तर हवेत सुमारे 340 मीटर धावतो. मधे हवेचा पातळ थर आला तरी लहर तिथेच अडते. बसवणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

पुष्कळ जण डबी बसवायची म्हटले की पहिल्यांदा ड्रिल मशीन हातात घेतात. पण पाण्याखाली पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे कायमची जोखीम असते. इंजिनाच्या हादऱ्याने स्क्रू ढिले होतात, लांबी सुकते, आणि फायबरच्या आत प्लायवूड असेल तर ओल शिरून ते कुजते. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीला येणारी बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि 6 जणांचा बळी गेला. तिथे दोष वाऱ्याचा होता, भोकाचा नव्हे. पण ज्या पाण्यावर वारा असा घात करतो, तिथे होडीत आपल्या हाताने कमजोरी कशाला आणावी?

भोक न पाडता काम करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला शिकंजाचा. काठाला आवळता येईल असा शिकंजा आणि त्याला एक पाइप. पाइपच्या टोकाला डबी. डबी तळाच्या थोडी खाली राहावी, तिचे तोंड सरळ खाली असावे, आणि पाइपला सुरक्षेची दोरी बांधलेली असावी. वल्ह्याच्या किंवा संथ चालणाऱ्या होडीला माझ्या मते हाच मार्ग उत्तम. संध्याकाळी यंत्र काढून घरी नेता येते आणि एकच यंत्र दोन होड्यांना वापरता येते. मात्र वेगात पाइप थरथरतो आणि पाणवनस्पतीत अडकतो, तेव्हा तो वर घ्यावा लागतो.

दुसरा मार्ग, होडीच्या मागच्या पाटीवर जाड फळी एपॉक्सीने चिकटवायची आणि स्क्रू त्या फळीतच मारायचे. स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा आखूड हवेत, नाहीतर सारी मेहनत वाया.

तिसरा मार्ग, डबी होडीच्या आतूनच तळाला चिकटवायची. हे फक्त भरीव फायबरच्या तळाला जमते. मधे फोम किंवा लाकूड असेल तर लहर पार होत नाही. शिंपी जसा आधी धावदोरा घालून पाहतो आणि मग पक्की टीप मारतो, तसेच इथे करावे. होडी पाण्यात असताना तळात थोडे पाणी ओतून डबी त्यात धरावी. मग त्याच जागी डबी बाहेर पाण्यात धरावी आणि दोन्ही वेळची खोली ताडून पाहावी. आकडे जुळले, चित्र फार फिके पडले नाही, तरच पुढे जावे. जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासावी, पुसावी, आणि एपॉक्सीत एकही बुडबुडा राहू देऊ नये. बुडबुडा म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे आंधळे यंत्र.

यातली कसर गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. आतून चिकटवलेल्या डबीची ताकद थोडी घटते. पाण्याचे तापमान सांगणारे यंत्र असेल तर ते पाण्याऐवजी तळाचे तापमान दाखवते. बाजूचे बारीक चित्र काढणाऱ्या महागड्या यंत्राला तर हा मार्ग चालतच नाही.

हा खटाटोप केवळ जास्त माशांसाठी नाही. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. अशाच कितीतरी भिंती आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली दडलेले आहेत. खोली आणि तळ आधी कळला तर जाळे फाटत नाही, होडी आपटत नाही.

जो कारागीर आधी तपासतो, यंत्राची मर्यादा खरी सांगतो आणि आठ दिवसांनी येऊन पुन्हा पाहून जातो, त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. भोक पाडायला पाच मिनिटे लागतात. गेलेला विश्वास परत मिळवायला उमर जाते.